आत्याची बाजू

खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हटलं तर तो क्षणभर तोंडाकडे बघतो, मग स्वतःच कोडं सोडवतो, “म्हणजे टाटा ना?” हो म्हणायचं आणि बसायचं. अ‍ॅडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर हे लांबलचक नाव लेटरहेडसाठी. माणसांच्या तोंडी ‘परळचं टाटा’ आणि ‘खारघरचं टाटा’ एवढंच असतं, आणि ते सोलापूरच्या बाईला जितकं कळतं तितकंच दरभंग्याहून आलेल्या माणसालाही. उत्सव चौक मागे पडतो, रस्ता ओवे कॅम्पच्या दिशेने निघतो आणि साठेक एकरांचं आवार लागतं. आत एका इमारतीचं नाव आहे ‘खानोलकर शोधिका’. प्रयोगशाळेला इतका सुटसुटीत शब्द कुणाला सुचला कोण जाणे, पण ज्याला सुचला त्याला भाषेचा कान होता.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती मावशीची फाईल छातीशी धरून. बरोबर आलेल्या माणसाला तिथे वाचायला वेळ खूप असतो. पाट्या वाचून झाल्या की भिंतींवरची नावं वाचायची, ती संपली की दात्यांची. स्तनाच्या कॅन्सरसाठी निधी म्हटलं की हल्ली गुलाबी रिबीन, ऑक्टोबर महिना आणि छातीवर घोषणा छापलेले टी-शर्ट डोळ्यांपुढे येतात. त्यात वावगं काही नाही. मिलिंद सोमणच्या पिंकेथॉनमुळे २०१२पासून कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर धावल्या, काही साडी नेसून धावल्या, हे मला मनापासून आवडतं. पण या संस्थेची वाटचाल मुळापासून बघायला बसलं की कळतं, इथली वर्गणी बहुतेकदा भलत्याच नाण्यात जमा झाली आहे. गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकात यातली निम्मी नावं आलीच नसती.

पहिली पावती मेहरबाई टाटांच्या नावे फाडावी लागेल. जमशेटजींच्या या थोरल्या सुनेला ल्युकेमिया झाला आणि १९३१ साली वेल्समध्ये, घरापासून हजारो मैलांवर त्या गेल्या. पैसा होता, डॉक्टर होते, उपाय नव्हता. वर्षभरात त्यांचे पती दोराबजीही गेले, पण त्याआधी सगळी मालमत्ता एका ट्रस्टच्या नावे करून. त्या मालमत्तेत मेहरबाईंचा ज्युबिली हिरा होता: २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली टाटा स्टील बुडायच्या बेतात आली तेव्हा दोराबजींनी इंपीरियल बँकेकडे जी खासगी मालमत्ता गहाण ठेवून एक कोटीचं कर्ज उचललं, तिच्यात हाही होता. कारखाना वाचला, हिरा सुटला. दोघांच्या मागे तो १९३७ साली विकला गेला आणि पैसे ट्रस्टमध्ये आले. त्याच ट्रस्टने परळला रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर रॉजर लम्ली यांनी त्याचं उद्घाटन केलं. खाटा ८०, वर्षाचा खर्च ५ लाख रुपये.

मेहरबाईंचं माहेर भाभांचं. त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा म्हणजे होमी भाभा. हे नातं इथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे १९५७ साली रुग्णालय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घेतलं आणि १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे सोपवलं गेलं, ज्याचे प्रमुख होते होमी भाभा. कॅन्सरचं रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसं, असं अजून लोक विचारतात. रेडिएशन हे त्याचं कागदावरचं उत्तर, आणि ते खरंही आहे. पण आत्याच्या आठवणीत उभं राहिलेलं रुग्णालय भाच्याच्या खात्यात येऊन पोचलं, ही गोष्ट मला त्या उत्तरापेक्षा जास्त लक्षात राहते.

रुग्णालय सुरू झालं तेव्हा प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकरांच्या हाती आल्या. रोगाच्या आधी माणसाच्या सवयी बघायच्या, ही त्यांची रीत. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी काचते, तिथल्या कातडीला कॅन्सर होतो, हे १९४५ साली जगापुढे मांडणाऱ्यांत ते होते. वैद्यकाच्या पुस्तकांत ‘धोती कॅन्सर’ हा शब्द त्यातून आला. त्यांच्या हाताखाली पुण्याहून आलेली एक मुलगी काम करू लागली. हुजूरपागेत शिकलेली, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक असलेल्या दिनकर दत्तात्रेय समर्थांची लेक. वडिलांना वाटे तिने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. तिने एमएस्सीसाठी सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांचा अभ्यास घेतला आणि लग्न केलं ते गणित शिकलेल्या रणदिव्यांशी. कमल समर्थची कमल रणदिवे झाली आणि मुंबईला आली.

त्यांच्या हातचं काम समजून घ्यायचं तर उंदरिणीपाशी जावं लागेल. उंदरिणीला दूधग्रंथींच्या पाच जोड्या असतात, कातडीच्या आतल्या अंगाला चिकटलेल्या. ती ग्रंथी अलगद सोडवायची, काचेवर ओल्या रुमालासारखी सुरकुती न पडता पसरायची, चरबी विरघळवून काढायची, रंग चढवायचा. मग भिंगाखाली जे दिसतं ते पानगळीतल्या झाडासारखं असतं: स्तनाग्रापाशी खोड, तिथून फुटत गेलेल्या फांद्या, फांद्यांच्या टोकाला कळ्या. रणदिव्यांनी चार वेगवेगळ्या वंशांच्या उंदरिणी घेतल्या. काहींत स्तनाचा कॅन्सर हटकून व्हायचा, काहींत क्वचित. गाठ दिसायच्याही आधी, ग्रंथी निरोगी असतानाच या झाडांच्या ठेवणीत फरक असतो का, हा त्यांचा प्रश्न. असल्या कामाला काय लागतं? पिंजरे, रोजचा दाणा, हजारो काचपट्ट्या, आणि शनिवारी-रविवारीही प्राणीगृहात चक्कर मारणारं माणूस. उंदीर सुट्टी घेत नाहीत.

तेव्हा अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या संशोधकाने दाखवलं होतं की उंदरांत हा रोग आईच्या दुधातून पिल्लांत जातो. पुढे त्या दुधात विषाणू सापडला. (माणसात तसं काही नाही, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर कुणीतरी सासूबाई हा परिच्छेद सुनेला वाचून दाखवायच्या.) प्रश्न मोठा होता: रोग रक्ताच्या नात्याने येतो, दुधातून येतो, की शरीरातल्या संप्रेरकांमुळे? रणदिवे या तिन्ही धाग्यांवर वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे असं मांडणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

१९४९ साली पीएचडी झाली. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शिकायला गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढल्या आणि ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. वर्गणी न विचारताही वसूल होते, याचं त्याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडायचं नाही. रणदिवे परत आल्या त्या पेशी बाटलीत वाढवण्याची विद्या घेऊन. १९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं, खानोलकर त्याचे पहिले संचालक, आणि तिथे ऊतिसंवर्धनाची, सोप्या भाषेत जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा रणदिव्यांनी उभी केली. तिथे जोपासलेल्या उंदरांच्या एका वंशाला संस्थेचंच नाव पडलं: आयसीआरसी. १९६६ साली रुग्णालय आणि ही संशोधन संस्था एका छत्राखाली आली, त्याचं नाव टाटा मेमोरियल सेंटर. त्या वर्षापासून चार वर्षं रणदिव्यांनी संशोधन संस्थेचा कारभारही पाहिला. त्यांना पद्मभूषण मिळालं १९८२ साली, आणि तेही कुष्ठरोगाच्या जंतूवरच्या कामासाठी. उंदरिणींच्या झाडांचा सन्मान तसा राहूनच गेला.

आता थोडं वाशीला उतरू. १९७३ साली अकरा जणींनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, त्यांत रणदिवे पुढे होत्या. संघटनेचं मुख्यालय वाशीच्या सेक्टर १० एमध्ये आहे. नवी मुंबईतल्या कित्येकांना ते ठाऊक आहे ते नोकरदार बायकांचं वसतिगृह आणि पाळणाघर म्हणून. एखाद्या वैज्ञानिक संघटनेने पाळणाघर चालवावं यात काहींना गंमत वाटते. मला त्यात रणदिव्यांचा हिशोबीपणा दिसतो. प्रयोग रात्री आठला संपत असेल तर मूल कुणीतरी बघायला हवं, आणि गावाहून आलेल्या मुलीला सुरक्षित खोली हवी. संघटनेच्या कामातून त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा करायलाही गेल्या. २००१च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांची संशोधन संस्था परळ सोडून खाडीपलीकडे खारघरला आली. हा प्रवास त्यांनी पाहिला नाही.

पण खारघरला पोचण्याआधी परळच्या फुटपाथवर थांबायला हवं. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर टाटाच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली राहणारी कुटुंबं मुंबईत कोण विसरेल? उपचार सहा महिन्यांचे, गावी परत जाऊन दर तीन आठवड्यांनी येणं परवडत नाही, आणि मुंबईत खोली घेण्याची कल्पनाही करवत नाही. इथे ज्यांनी हात दिला त्यांनी स्वतःला कधी ‘कॅन्सर सपोर्ट ग्रुप’ म्हणवलं नाही. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, १९६८पासून चालणारी परळची नाना पालकर स्मृती समिती. गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटाचे पेशंट राहतात याची आता इतकी सवय झाली आहे की त्यातलं मोठेपण कुणाला दिसत नाही. रक्ताच्या बाटल्या, खिचडी, फाईल कुठल्या खिडकीवर द्यायची हे सांगणारा, ‘लाइट घ्यायला’ कधी जायचं ते समजावणारा माणूस. रेडिएशनला आपल्याकडे ‘लाइट घेणं’ किंवा ‘शेक घेणं’ म्हणतात. मावशीला पहिल्या दिवशी वाटलं होतं की खरोखरच शेकणार आहेत. पदराआड तिने खोबरेल तेलाची बाटली नेली होती.

आकड्यांचं काम मात्र वेगळ्या जागी चाललं होतं. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कॅन्सरची नोंदवही सुरू केली, लोकसंख्येच्या हिशोबाने ठेवलेली देशातली पहिली. दर पेशंटचं वय, वस्ती, अवयव. डॉ. दाराब जस्सावालांनी त्यातून दाखवलं की पारशी बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर समाजांहून बरंच जास्त आहे. उशिरा लग्न, उशिरा मूल, कमी मुलं, या गोष्टींचा त्याच्याशी संबंध आहे. पारशी बाया तेव्हा जशा जगत होत्या तशा आज पनवेल-बेलापूरच्या आपल्या मुली जगतात, त्यामुळे तो आलेख आता आपल्या घरात आला आहे. २०२२च्या जागतिक अंदाजात भारतातल्या नव्या रुग्णांचा आकडा सुमारे १ लाख ९२ हजार आहे, मृत्यूंचा ९८ हजार.

या आकड्यांत सगळ्यात छळणारी बाब ‘उशीर’. श्रीमंत देशांत त्यावर मॅमोग्राफी हा उपाय. आपल्याकडे यंत्र कुठे ठेवणार, फिल्म कोण वाचणार? १९९८ साली टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रांनी विचारलं की यंत्र बाजूला ठेवू, नुसत्या हाताने भागेल का? मुंबईतल्या गरीब वस्त्यांचे वीस भाग पाडले. दहा भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासणार. उरलेल्या दहांत सुरुवातीला एकदा माहिती सांगणार आणि पुढे दर दोन वर्षांनी फक्त चौकशी करणार. बायका एकूण १,५१,५३८, वय ३५ ते ६४. यातल्या एकीलाही आधी स्तनाचा कॅन्सर नव्हता.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं दार वाजवायचं, आतून “काय विकताय?” असा आवाज यायचा. मग ‘छाती’ हा शब्द सासऱ्यांच्या देखत कसा काढायचा? तपासणीचं तंत्रही हातात मुरावं लागतं. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, मधल्या तीन बोटांच्या गादीने दाबायचं. आधी हलकं, मग मध्यम, मग फासळी लागेपर्यंत. तीच जागा तीनदा, मग बोटभर पुढे सरकायचं. काखेत हात घालायचा, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा चाचपायचा. नीट करायचं तर प्रत्येक बाजूला काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ बाईने पोलकं काढून शांत पडायचं, घरी कुकर लावलेला असताना. असं चार वेळा, दोन-दोन वर्षांच्या अंतराने. त्यानंतरही वर्षानुवर्षं पाठपुरावा. बिऱ्हाडं बदलली, चाळी पडून टॉवर आले, सेविका नवे पत्ते हुडकत राहिल्या.

निकाल आला वीसहून अधिक वर्षांनी, २०२१च्या फेब्रुवारीत, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. हाताने तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या बायका ४७ टक्क्यांवरून ३७वर आल्या. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या काट्यावर ठाम उतरला नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले आणि हा आकडा पक्का. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही. मित्रा, गौरवी मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं, न जमलेलं धरून, जसंच्या तसं छापलं. याच अभ्यासात गर्भाशयमुखाचीही तपासणी होती, आणि तुलनेच्या गटातल्या बायकांना ती का दिली नाही यावर परदेशातून कडक टीका झाली. ती टीका मला सहज झटकून टाकता येत नाही. दुसऱ्या गटातल्या ज्या बाईला दर दोन वर्षांनी नुसतं “काही त्रास?” विचारलं गेलं, तिच्या उत्तरांवरच तर पहिल्या गटाचा निकाल उभा आहे. संशोधनासाठी सगळ्यात मोठी वर्गणी कुणी दिली असं मला विचारलं तर मी या दीड लाख बायकांकडे बोट दाखवीन, आणि त्यातही दुसऱ्या गटाकडे आधी.

सरकारी कार्यक्रमात आता तिशीपुढच्या बायकांची हाताने तपासणी आहे, पण पाच वर्षांतून एकदा. अभ्यास दोन वर्षांच्या अंतराचा होता. हे गणित कुठेतरी बसवायला हवं.

खारघरचं आवार २००२पासूनचं. परळला जागा संपली होती. तिथे पेशंटची गर्दी आणि पिंजऱ्यांची गर्दी एकमेकांच्या अंगावर येत होती, आणि सिडकोच्या नव्या शहरात मोकळी जमीन होती. शोधिका आली, रुग्णालय आलं, अलीकडे २०२३ साली प्रोटॉन किरणांनी उपचार सुरू झाले. पेंधरपर्यंत मेट्रोही धावू लागली. यंत्रांबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ येतं, ते मी सोडून देते.

पैशाची वाट याच काळात बदलली. २००३ साली स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या देविका भोजवानी यांनी टाटाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह सुरू केलं, गरीब बायकांच्या उपचारांसाठी आणि डॉक्टरांच्या परिषदांसाठी पैसे उभे करायला. पेशंट स्वतःचं नाव सांगून व्यासपीठावर उभी राहते, ही गोष्ट तेव्हा पैशाइतकीच मोलाची होती. आमच्या घरात त्या सुमारास ‘तो आजार’ असाच शब्द होता. २००४पासून मुंबई मॅरेथॉनमध्ये कॅन्सरसाठी धावणारे आले. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालायला लावले आणि आकड्यांना शून्यं वाढली. २०२३ साली आयसीआयसीआय बँकेने टाटा मेमोरियलच्या तीन ठिकाणच्या इमारतींसाठी १,२०० कोटी जाहीर केले, त्यात एक ठिकाण खारघर. ८० खाटा आणि ५ लाखांपासून हे अंतर.

इमारतीला पैसे मिळतात, कारण तिच्यावर पाटी लावता येते. एखाद्या जुन्या, स्वस्त औषधावर दहा वर्षं अभ्यास करायला कोण पैसे देईल? औषध कंपनीला त्यात रस नाही, कारण विकायला काही नवं नाही. टाटाच्या मंडळींनी नेमकी तीच वाट धरली, आणि माझ्या मते संस्थेचं खरं काम तिथे आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांनी विचारलं की शस्त्रक्रियेच्या आधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं तर? लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते, लहानशा गावच्या औषधाच्या दुकानातही मिळणारं. देशातली ११ केंद्रं, १,६०० बायका, २०११च्या डिसेंबरपासून दहा वर्षं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनविना ८६.४ टक्के, इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१. शंभरांत जवळजवळ चार जास्त जगल्या. डॉ. सुदीप गुप्ता, जे तेव्हा खारघरच्या केंद्राचे संचालक होते, त्यांनी सातशेहून अधिक बायकांवर कार्बोप्लॅटिन या जुन्याच औषधाचा असा अभ्यास केला, स्तनाच्या कॅन्सरच्या एका हट्टी प्रकारासाठी. फायदा पन्नाशीच्या आतल्यांना झाला. आणि २०१५ साली ३५० बायकांच्या अभ्यासातून बडव्यांनी हेही दाखवलं की रोग आधीच शरीरभर पसरलेला असेल तर स्तन काढून आयुष्य वाढत नाही. “काढून टाका एकदाचं” असं म्हणणाऱ्या नवऱ्यांना आणि भावांना दाखवायला हा कागद उपयोगी आहे.

ज्यांचं काढावं लागतं त्यांच्यासाठी हल्ली एक वेगळीच वर्गणी जमते. सुती दोऱ्याने विणलेले स्तन. साईशा इंडिया फाउंडेशनच्या स्वयंसेविका ते घरी बसून विणतात आणि फुकट देतात. सिलिकॉनचा महाग असतो, उन्हाळ्यात घामाने चिकटतो. हा हलका, धुता येणारा, आत भरलेला कापूस कमी-जास्त करून ब्लाउजच्या मापाला बसवता येणारा. मी एक हातात घेऊन बघितला. मधून सुरुवात, गोल वाढत गेलेले खांब, शेवटी आवळून घेतलेली कड. आमच्या आईच्या पिढीने रुखवतात मांडायला क्रोशाचे रुमाल विणले, ते अजून ट्रंकेत पिवळे पडताहेत. वीण तीच आहे. मावशीने तो ब्लाउजमध्ये घातला, आरशात बघितलं, आणि म्हणाली, “उजवा जरा उंच बसलाय.” मग स्वतःच कापूस काढून नीट केला.

मावशी बरी आहे. पुढचा प्रश्न आम्हा भाच्यांचा होता. जनुकांची तपासणी करायची की नाही हे ठरवायला समुपदेशक आधी घराण्याचं झाड काढतात, बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन. १९९०मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या जनुकाचा ठावठिकाणा दाखवला आणि रणदिव्यांच्या काळातला ‘रक्ताचं नातं’ हा अंदाज असा कागदावर उतरला. आम्ही तिघी बहिणी बसलो आणि धडाधड सांगत गेलो: मावशी, आजी, आजीची बहीण, मोठ्या मामाची मुलगी. सगळं आईकडचं. समुपदेशक मुलगी मराठी होती. तिने पेन थांबवलं.

“आणि आत्या?”

इंग्रजीत दोघी ‘आंटी’. आपल्याकडे शब्द वेगळे असूनही बहुतेक बायका हीच चूक करतात, ती सांगत होती. स्तन बाईचे, म्हणून रोग आईकडूनच येणार असं वाटतं. पण ते जनुक बापही देतो, आईइतक्याच शक्यतेने. बापाला स्वतःला बहुतेकदा काही होत नाही, म्हणून त्याच्या बहिणींकडे बघायला हवं.

बाबांना एक बहीण होती. सत्तरच्या दशकात चिपळूणला वारली, चाळिशी गाठायच्या आत. काय झालं होतं? घरात सांगत आले ते ‘छातीत पाणी झालं’. बाबा आता नाहीत. चिपळूणला आतेभाऊ आहे, त्याला तिथूनच फोन लावला. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, आई शेवटी शेवटी उजवा हात वर करू शकत नव्हती, केस आम्हीच विंचरायचो, आणि पोलक्याला आतून जुन्या धोतराची घडी लावायची.

मुलीने ते ऐकलं आणि बाबांच्या चौकोनाशेजारी एक वर्तुळ काढलं, त्यावर तिरकी रेघ. मग नाव विचारलं. आम्ही तिला ताईआत्या म्हणायचो. खरं नाव आतेभावाला विचारायला मी पुन्हा फोन लावला.